न वाजलेली बाज

मित्रांनो, गोष्ट सांगण्यापूर्वी तुम्ही माझ्यासाठी एक करा. डोळे मिटा. समजा, तुम्ही अगदी लहान आहात, अंगणवाडीत जाण्याएवढे. रात्र झाली आहे. तुम्ही आईच्या कुशीत झोपला आहात आणि तिच्या ओढणीचं टोक तुमच्या मुठीत आहे. बाहेर कुत्रं भुंकतं, पण तुम्हाला भीती वाटत नाही, कारण मुठीत ओढणी आहे. आता समजा, सकाळ झाली. तुम्ही डोळे उघडले. ओढणी अजून मुठीतच आहे. पण ओढणीबरोबर आई नाही.

उघडा डोळे. तुम्ही नुसती कल्पना केलीत. एका मुलाच्या बाबतीत हे खरंच घडलं, आणि तेव्हा तो माझ्या अंगावर झोपलेला होता.

मी एक जुनी बाज आहे. शहरातली मुलं मला खाट म्हणतील. वाशीम जिल्ह्यात मेडशीच्या बाजूला एक तांडा आहे. तिथल्या एका टिनाच्या घरात मी राहते. माझे चार पाय बाभळीचे आणि दांडे सागाचे. ते मेडशीच्या शालिग्राम सुताराने घडवले. माझी वीण मात्र घरच्या माणसाने घातली. त्यांचं नाव गुलाबसिंग. अंबाडीची दोरी त्यांनी स्वतः वळली आणि दारातल्या लिंबाखाली बसून मला विणलं. विणताना ते कुणाशी बोलत नसत. मध्येच थांबून दोरीवर अंगठा दाबून पाहत आणि पुन्हा ओढत.

माझ्यात पहिल्यापासून एक खोड होती. बाभळीचं लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. पुढे ते वाळलं आणि उशाकडच्या एका पायाचा सांधा थोडा सैल झाला. कुणी माझ्यावर बसलं, कूस बदलली किंवा उठलं, की मी ‘कर्र’ करून वाजत असे. शालिग्राम पाचर घेऊन आला. पाचर म्हणजे लाकडाची छोटी चपटी खुंटी. ती ठोकली की सांधा घट्ट होतो. पण गुलाबसिंगांनी त्याला परत पाठवलं.

“वाजू दे तिले,” ते म्हणाले. “घरात कोन निजलं, कोन उठलं, सारं कळत राह्यते.”

मला फार बरं वाटलं. खोड असलेल्या वस्तूला कोण असं मानाने ठेवून घेतं?

पुढची वर्षं कामाची होती. माझ्यावर पाहुणे बसले. मिरच्या वाळल्या, उडदाचे पापड वाळले. अमरसिंग, म्हणजे गुलाबसिंगांचा मुलगा, शाळेत जाताना माझ्याच पायाशी बसून बूट घालायचा. शेवटच्या आजारात गुलाबसिंग माझ्यावरच पडून होते. ते गेल्यावर त्यांची बायको नानीबाई बरेच दिवस माझ्यावर बसली नाही. माझ्याजवळ जमिनीवर बसायची आणि एक हात माझ्या दोरीवर ठेवायची.

मग अमरसिंगचं लग्न झालं. सुकेशनी घरात आली. आणि एका पावसाळ्यात मला एक छोटं, ऊबदार ओझं मिळालं. त्याचं नाव बबलू.

बबलूने कूस बदलली की मी वाजायची, आणि चुलीपुढे बसलेली नानीबाई तिथूनच म्हणायची, “उठला वाटते गुलाम.” तांड्यात आईला याडी म्हणतात. ‘याडी’ हा बबलूचा पहिला शब्द. तो माझ्यावर बसून बोलला, याचा मला आजही अभिमान आहे. (तांड्याची बोली वेगळी आहे, मित्रांनो. तुम्हाला समजावी म्हणून मी तिथली माणसं इकडच्या वऱ्हाडीत बोलताना दाखवते आहे.)

आता मला थोडं अवघड सांगायचं आहे.

आमच्या तांड्यातली पुष्कळ घरं दिवाळी झाली की निम्मी रिकामी होतात. सोयाबीन निघालेलं असतं, तुरीला वेळ असतो. मुकादमाचा ट्रक येतो आणि तरणी माणसं ऊस तोडायला लांबच्या मुलखात जातात. ती परत येतात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. पहिली दोन-तीन वर्षं सुकेशनी बबलूला बरोबर घेऊन जायची. उसाच्या शेताकडेला पाचटाच्या खोपटीत राहायचं. शेवटच्या खेपेला थंडीने त्याची छाती भरली. खोकून खोकून पोर निळं पडायचं. कसंबसं वाचलं. तेव्हा ठरलं, की पुढच्या खेपेला त्याला नानीबाईजवळ ठेवायचं.

पण ठेवायचं कसं? तांड्यात त्याची एक रीत पडून गेली आहे. जागं लेकरू आईला सोडत नाही, ट्रकामागे धावतं. म्हणून लेकरं झोपेपर्यंत थांबायचं आणि मग हळूच निघायचं. हे कुणी वाईट मनाने करत नाही. सगळेच करतात, म्हणून ते वाईट आहे असं कुणाला वाटतही नाही.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी अमरसिंग माझ्यापाशी आला. त्याने मला आडवी केली. ज्या सांध्याला बापाने हात लावू दिला नव्हता, त्या सांध्यात त्याने पाचर ठोकली. वर तेल सोडलं. पायथ्याची दोरी सोडून पुन्हा ताणून बांधली. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला होता. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझी डागडुजी करत होतं. त्याने माझ्यावर बसून पाहिलं, उठून पाहिलं. मी वाजले नाही.

“आता बरोबर,” तो म्हणाला.

माझी दुरुस्ती कशासाठी झाली, ते मला दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर कळलं. बबलू झोपला होता. ओढणीचं टोक त्याच्या मुठीत होतं. सुकेशनीने मूठ सोडवायचा प्रयत्न केला. ती सुटेना. मग तिने आपल्या अंगावरची ओढणीच काढून त्याच्याजवळ ठेवली. ती माझ्यावरून उठली आणि मी वाजले नाही. तिने पाय खाली टेकले तरी मी वाजले नाही. दारात ती थोडा वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता तरी लाकूड तडकावं, दोरी तुटावी, काहीतरी व्हावं. पण मी चांगली दुरुस्त झालेली बाज होते.

सकाळी बबलू उठला. तो लगेच रडला नाही. आधी त्याने वाकून माझ्याखाली पाहिलं. मग दारामागे पाहिलं. मग धान्याच्या कोठीमागे. मग ओढणी घेऊन नानीबाईकडे गेला.

“दादी, याडी कुठी गेली?”

“येते आता. पान्याले गेली,” नानीबाई म्हणाली आणि भाकरीकडे पाहू लागली.

तो उंबऱ्यावर जाऊन बसला. पाण्याला गेलेल्या सगळ्या बायका परत आल्या.

त्या दिवसापासून बबलू माझ्यावर झोपेना. उचलून ठेवला की उठून जायचा. दाराला टेकून बसायचा आणि बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचा. नानीबाईची कंबर दुखायची, तरी ती त्याला उचलून आणायची. पुन्हा तो दारापाशी. शेवटी तिने दाराजवळ खाली अंथरूण टाकलं आणि मला अंगणात भिंतीला उभी करून ठेवलं. माझ्या आडोशाला कोंबड्या बसू लागल्या. दव पडून माझी दोरी सैल झाली. पण मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट वाटायचं, ठीक आहे, मला हेच मिळायला हवं.

संध्याकाळी फोन यायचा. फोनवर सुकेशनी दिसायची, तिच्यामागे पाचटाची खोपटी दिसायची. “बबलू, बोल ना रे माह्याशी.” बबलू फोन नीट उलटा करायचा आणि जमिनीवर पालथा ठेवून द्यायचा. पालथ्या फोनमधून बराच वेळ हाका येत राहायच्या.

उन्हाळा लागला आणि अमरसिंगबरोबर सुकेशनी आली. चेहरा काळवंडलेला, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. तिने बबलूसाठी चाकाची गाडी आणली होती. बबलूने गाडी घेतली, पण तो तिच्या मांडीवर गेला नाही. तिच्या नव्या ओढणीला त्याने एक बोट लावून पाहिलं आणि तो लांब उभा राहिला. तिने मला अंगणातून उचलून आत आणलं, माझी दोरी ताणली, वर गोधडी घातली. तिला वाटलं, आता सगळं पूर्वीसारखं होईल.

तसं झालं नाही. बबलू तिच्याजवळ झोपायला येऊ लागला खरा, पण अंथरुणात टिकेना.

“काहून उठला रे?”

“पानी.”

पाणी झालं की शू. शू झाली की मच्छर. मच्छर झाला की पोट. प्रत्येक वेळी परत येताना तो आधी याडीच्या तोंडाकडे वाकून पाहायचा, ती आहे ना म्हणून.

“हे पोरगं पोलीस होते पाह्य,” अमरसिंग गोधडीतून म्हणायचा. “रातभर गस्त घालते. सरकारनं पगार द्याव याले.”

“तुमाले मजाक सुचते,” सुकेशनी म्हणायची. “सकाळी सोयाबीन निंदाले मले जा लागते, तुमाले नाही.”

“मंग मी काय शेतात झोपा काढतो?”

“काढता. त्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर घोरून राह्यले होते. साऱ्या मजुरनी हासत होत्या.”

उपाय पुष्कळ झाले. नानीबाईने मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. गूळ घालून दूध पाजलं. दुपारी झोपू नये म्हणून त्याला शेतावर नेऊन दमवलं. एकदा चिडून म्हणाली, “निज, नाही त लांडगा येईन.”

बबलूने तिच्याकडे पाहिलं. “दादी, लांडगा याडीले नेते का?”

नानीबाईने पुन्हा लांडग्याचं नाव काढलं नाही.

सुकेशनी त्याला थोपटायची. “निज माह्या राजा. मी कुठीच जात नाही.” असं म्हणताना ती त्याच्याकडे पाहत नसे, आढ्याकडे पाहत असे. दिवाळीनंतर ट्रक येणार हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. माझ्या सांध्यात पाचर अजून तशीच होती.

मग नानीबाईला एक युक्ती सुचली. बैलाच्या जुन्या घुंगरमाळेतलं एक घुंगरू तिने दोऱ्यात ओवलं आणि बबलूच्या पायात बांधलं. तो उठला की वाजेल, वाजलं की त्याला पकडून परत झोपवायचं. रात्र शांत गेली. घुंगरू वाजलंच नाही. नानीबाई खूश झाली. पहाटे सुकेशनीने उठून पाय खाली ठेवला आणि ‘छुन्’ असा आवाज आला. तिने दुसरं पाऊल टाकलं. छुन्. घुंगरू तिच्या पायात होतं.

अमरसिंग पोट धरून हसला. “घ्या! पोरानं मायलेच बैल केलं. आता आनतो कासरा!” नानीबाईही तोंडाला पदर लावून हसू लागली.

पण त्या आवाजाने बबलू ताडकन उठून बसला होता. त्याचे डोळे पुरते उघडलेही नव्हते.

“कुठी चालली?” त्याने विचारलं.

“पानी भराले.”

“मीबी येतो.”

तो अनवाणी तिच्यामागे गेला. अमरसिंगचं हसू तिथेच थांबलं.

त्याच आठवड्यात पौर्णिमाताई घरी आल्या. त्या अंगणवाडीच्या ताई. मेडशीच्या बौद्धवाड्यातून रोज चालत तांड्यावर येतात. सोयाबीन कापून झालं होतं आणि अंगणात ताडपत्रीवर दाणे पसरले होते. त्यांच्यासाठी मला अंगणात काढलं आणि ताई माझ्यावर बसल्या. मी मुकीच.

“सुकेशनी, रातच्याले झोपत नाही का हा?”

“तुमाले कोनं सांगतलं?”

“सांगाले कायले पाह्यजे? माह्या अंगणवाडीत आला की सतरंजीवर आडवा होते, अन् असा निजते की खिचडी आली तरी उठत नाही. बाकीचे लेकरं त्याच्या अंगावरून उड्या मारतात. मले वाटलं बिमार हाय. मंग काल मी त्याले इचारलं, काहून रे, घरी काहून नाही निजत?”

“काय म्हने?”

ताईंनी वळून पाहिलं. अंगणात बबलू दाण्यांवर गाडी चालवत होता. त्यांनी आवाज हळू केला.

“म्हने, अंगणवाडीत निजलं त चालते, तथून कोनी जात नाही. घरी मी निजलो होतो, म्हनून याडी गेली.”

सुकेशनीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

“आपल्याले वाटते, त्याले तुह्यावर राग हाय,” ताई म्हणाल्या. “तसं नाही बाई. तो सोताले दोष देऊन राह्यला. आपन निजलो ही आपली चूक झाली, असं समजते तो. आता पुन्हा चूक होऊ नये म्हनून जागते.”

“आमी त्याच्यासाठीच तसं गेलो, ताई. जागा असता त रडून रडून हैरान झाला असता.”

“रडला त असताच.”

सुकेशनीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, “खोटं बोलून राह्यली मी. त्याच्यासाठी नव्हतं ते. माह्यासाठी होतं. तो पाह्यत असता त माहा पायच उचलला नसता.”

ताई तिच्या हातातलं सूप घेऊन दाणे पाखडू लागल्या.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला रडता येत नाही. पण त्या दिवशी मला कळलं, की त्या रात्रीचा दोष मी एकटीच वाहत नव्हते. आई वाहत होती. अमरसिंग हसण्याआड लपवून वाहत होता. नानीबाई भाकरीकडे पाहत वाहत होती. आणि ज्याचा काडीचाही दोष नव्हता, ते लेकरू सगळ्यांत जड ओझं वाहत होतं.

दिवाळी झाली. मुकादमाचा निरोप आला. अमरसिंग तेलाची बाटली घेऊन माझ्याकडे आला, गेल्या वर्षीसारखाच.

“तेल ठेवा तथी,” सुकेशनी म्हणाली. “तिची पाचर काढा.”

“कायले?”

“वाजली पाह्यजे ती.”

“येडी झाली का तू? पोरगं उठीन. सारा तांडा गोळा होईन. ट्रक खोळंबीन.”

“खोळंबू द्या घडीभर.”

“अन् रडला त?”

“रडीन. मीबी रडीन. तुमीबी रडा, कोनी नाही म्हनते का?”

“मी नाही रडत.”

“मंग उभे राहा तथी खांबासारखे. पन चोरावानी मी या बारीले घरातून जात नाही.”

अमरसिंगने नानीबाईकडे पाहिलं. त्याला वाटलं, ती तरी आपली बाजू घेईल. नानीबाई चुलीतली लाकडं मागे ओढत होती.

“तुह्या बापानं त्या सुताराले वापस धाडलं होतं,” ती म्हणाली. “कोन निजलं, कोन उठलं, घराले कळू द्या म्हने. आपन तिचं तोंड बंद केलं. मी तवाच बोलाले पाह्यजे होतं. नाही बोलली.”

अमरसिंगने मला आडवी केली. पाचर फुगून सांध्यात घट्ट बसली होती. हाताने निघेना. तो पकड घेऊन आला आणि त्याने ती ओढून काढली. निघताना मला दुखलं. पण मला सरळ करून तो माझ्यावर बसला आणि माझ्यातून जुना आवाज आला, ‘कर्र’. त्याने मान खाली घातली. कदाचित त्याला बाप आठवला असेल.

दुपारच्या उजेडात सुकेशनीने बबलूला माझ्यावर बसवलं.

“बबलू, ट्रक येनार हाय. मी अन् बा जानार हाय. उन्हाळ्यात वापस येऊ. गेल्या बारीले मी तुले न सांगता गेली. ती माही चूक होती. तुही नव्हती. तू निजला म्हनून मी गेली नाही.”

बबलू गाडीचं चाक फिरवत होता. ऐकतो आहे की नाही, कळेना.

“या बारीले मी तुले उठवीन. उठवल्याबिगर जानार नाही.”

“अन् मी निजलो त?”

“निजला तरी उठवीन.”

“नाही उठलो त?”

“ही बाज वाजते आता. पाह्य.”

तो उभा राहिला आणि माझ्यावर उडी मारली. कर्र. पुन्हा मारली. कर्र. मग खाली उतरून त्याने ज्या सांध्यात पाचर होती तिथे डोळा लावून पाहिलं.

तुम्हाला वाटेल, तो त्या रात्री छान झोपला. नाही, मित्रांनो. तुटलेला विश्वास काही एका दुपारी जोडला जात नाही. त्या रात्री तो उठला, दुसऱ्या रात्रीही उठला. पण सुकेशनीने एक केलं. ती पहाटे पाण्याला निघाली, की त्याच्या कानाशी जाऊन सांगायची, “पान्याले जाते. येते.” आणि यायची. शेजारी जायचं असलं तरी सांगायची, “जाते. येते.” आणि यायची. आधी तो प्रत्येक वेळी उठून बसायचा. मग नुसते डोळे उघडायचा. मग डोळे मिटूनच “हं” म्हणायचा. नंतर पाणी, शू, मच्छर हे सगळे पाहुणे एकेक करून यायचे थांबले.

ट्रक आला, त्याबद्दल सांगण्याआधी तुम्हाला एक विनंती करते. म्हाताऱ्या बाजेचं एवढं ऐका. तुमच्या घरात एखादं लहान भावंड असेल आणि ते रात्री अंथरुणात थांबत नसेल, पुन्हा पुन्हा उठत असेल, तर त्याला हट्टी म्हणून हिणवू नका. बागुलबुवा दाखवू नका. ते कशाची राखण करतं आहे, ते त्याला दिवसा, प्रेमाने विचारा. आणि तुम्हाला घरातून कुठे जायचं असेल, तर त्याच्या डोळ्यांदेखत जा. ते रडेल. रडू द्या. सांगून गेलेल्या माणसाची वाट पाहता येते. न सांगता गेलेल्या माणसाला फक्त शोधावं लागतं, बाजेखाली, दारामागे, कोठीमागे.

ट्रक पहाटे आला. तांड्याच्या टोकाला हॉर्न वाजला. अमरसिंगने गाठोडं आणि कोयते उचलले. बबलू झोपला होता. अंगणवाडीत झोपायचा तसा, हातपाय पसरून, तोंड उघडं टाकून. ओढणीचं टोक मुठीत होतं.

सुकेशनी त्याच्याजवळ बसून राहिली. दारातून अमरसिंग हळूच म्हणाला, “लय गाढ निजला. किती महिन्यांनी असा निजला. निजू दे का?”

तो वाईट बोलत नव्हता, मित्रांनो. त्याने गाठोडं पुन्हा खाली ठेवलं होतं. सुकेशनीने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, मग दाराकडे. मला माझी संधी दिसली. ती उठली तेव्हा मी माझ्या सगळ्या जुन्या लाकडानिशी वाजले. कर्र! घरभर घुमावं इतक्या जोराने वाजले.

बबलू उठला नाही.

त्याने फक्त कूस बदलली. आता त्याला राखण करायची गरज वाटत नव्हती. उठवणारं माणूस आहे, हे त्याला माहीत होतं. आणि मला तेव्हा समजलं, की माझा आवाज कितीही मोठा असला, तरी हे काम बाजेचं नाही.

सुकेशनी वाकली. तिने त्याच्या खांद्याला हात लावला आणि हलवलं.

“बबलू, ऊठ. ऊठ ना माह्या राजा. मी जाऊन राह्यली.”

तो उठला. आधी त्याला कळलं नाही. मग कळलं आणि तो रडला. असा रडला की शेजारच्या घरातले दिवे लागले. तिच्या गळ्याला त्याने मिठी मारली आणि ती त्याला तशीच घेऊन अंगणात गेली. उघड्या दारातून मला ट्रकाचा मागचा भाग दिसत होता. त्यात बायका बसल्या होत्या. बबलूचं रडणं ऐकून त्यांतली एक आपल्या घराच्या मिटलेल्या दाराकडे पाहू लागली. मग तिने पदर तोंडावर ओढून घेतला. खांबासारखा उभा राहणारा अमरसिंग पाठ फिरवून डोळे पुसत होता. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला नाही.

रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. बबलू तिच्या कडेवरून खाली उतरला. धावत घरात आला, उशाखाली हात घालून काहीतरी घेतलं आणि धावत परत गेला. ते घुंगरू होतं. रात्रभर मुठीत होतं तेच ओढणीचं टोक धरून त्याने त्याला घुंगरू बांधायचा प्रयत्न केला. हुंदके देताना गाठ बसेना. नानीबाईने मारून दिली.

“आली की वाजवजो,” तो म्हणाला.

“वाजवीन,” सुकेशनी म्हणाली आणि ट्रकात चढली.

ट्रक निघाला. नानीबाईने बबलूचा हात घट्ट धरला होता. तिला वाटलं, आता हा ट्रकामागे धावणार. तो धावला नाही. तांबडा दिवा वळणाआड जाईपर्यंत उभा राहिला. मग हात सोडवून घरात आला, माझ्यावर चढला, उभा राहून एक उडी मारली आणि माझा ‘कर्र’ ऐकला.

“दादी,” तो म्हणाला, “तू पान्याले गेली त मले सांगजो.”

“सांगीन बाप्पा.”

मग तो याडीच्या जागेवर सरकला, तिच्या उशीवर डोकं ठेवलं आणि रिकामी मूठ उघडी टाकून झोपून गेला.